भाजीवाल्याचा मुलगा वेडा नव्हता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला 'ताकेशीज कॅसल'वरचा लेख वाचला. म्हणजे तोच जपानी टीव्हीवरचा खेळांचा कार्यक्रम, ज्यात साधी माणसं धडपडत, पडत-झडत गडाचा राजा ताकेशी याच्या किल्ल्यावर चाल करून जातात. काल दिवसभर डोक्यातून गेला नाही, म्हणून आज सकाळी लिहायलाच बसले.

लेखकाने लहानपणी पोगो या मुलांच्या वाहिनीवर हा कार्यक्रम पाहिला आणि पोट धरधरून हसला, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझी नातवंडंही हसली. पण तेवढ्यावरून 'जपानी माणसाला स्वतःची फजिती करून घ्यायची हौसच असते' असं ठरवून टाकायचं, आणि तुम्ही ते वाक्य चौकटीत मोठ्या टाइपात छापायचं, हे मला पटलेलं नाही. चिखलात पडणारी माणसं लेखकाने पाहिली. पण पडण्याआधी ती काय बोलत होती, हे त्याने एकदाही ऐकलेलं नाही. ऐकणार कुठून? त्यांच्या बोलण्यावर हिंदी आवाज चढवलेला होता.

मी ते ऐकलेलं आहे. यजमानांच्या कंपनीने त्यांना प्रशिक्षणासाठी पाठवलं होतं, त्यामुळे १९८७ आणि १९८८ ही दोन वर्षं आमचं बिऱ्हाड योकोहामात होतं. दर शुक्रवारी रात्री आठला हा कार्यक्रम लागायचा. आठ वाजत आले की खालच्या मजल्यावरून घरमालकीणबाई हाक मारायच्या आणि आम्ही मुलाला घेऊन त्यांच्याकडे जाऊन बसायचो. माझं जपानी तेव्हा बाजारहाटापुरतंच होतं. बाई एकेक वाक्य सोपं करून सांगायच्या.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी भाजीचं दुकान होतं. त्या भाजीवाल्याच्या धाकट्या मुलाने या कार्यक्रमासाठी अर्ज केला आणि त्याची निवड झाली. चित्रीकरण योकोहामातच, मिदोरियामाच्या स्टुडिओत व्हायचं. मग रोज संध्याकाळी दुकान बंद झालं की हा मुलगा भाजीचे रिकामे क्रेट गल्लीत पालथे मांडायचा आणि त्यांच्यावरून पळायचा. तळ्यातल्या दगडांच्या खेळाची तयारी. त्या खेळात काही दगड पक्के असतात आणि काही नुसते तरंगते, पाय पडताच बुडणारे. कोणता कुठला हे बघून कळत नाही. म्हणून तो डोळे समोर ठेवून, न थांबता पळायचा सराव करायचा. वडील क्रेट मोडतील म्हणून ओरडायचे. आमचा चार वर्षांचा मुलगा त्याच्या मागे पळायचा, आणि तो याला उचलून एकेका क्रेटवर उभा करायचा.

त्याचा भाग लागला त्या शुक्रवारी बाईंच्या खोलीत आम्ही दहा-बारा माणसं दाटीवाटीने बसलो होतो. शंभराच्या वर स्पर्धक, सेनापतीच्या वेषातल्या तानी हायातोने हल्ल्याचा हुकूम दिला आणि सगळे धावत सुटले. भाजीवाल्याचा मुलगा पहिली भिंत चढून गेला. पुढे तळ्याच्या काठावर त्याच्यासमोर माइक आला आणि विचारलं, काय करता? तो ताठ उभा राहून म्हणाला, "आमचं भाजीचं दुकान आहे. या आठवड्यात पालक चांगला आलाय." खोलीत एकदम टाळ्या पडल्या. तिसऱ्याच दगडाला तो पाण्यात गेला. बाहेर आला, वाकून नमस्कार केला, झालं. सगळं मिळून अर्धं मिनिटसुद्धा नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाजीला गेले तर पालकाच्या टोपलीवर वडिलांनी कुंचल्याने लिहिलेली पाटी होती : टीव्हीवर सांगितलेला पालक. दहा वाजेपर्यंत टोपली रिकामी झाली होती.

हाच भाग पुढे पोगोवर लागला असेल तर काय झालं असेल? त्या मुलाला आपल्याकडच्या कुणा नट-नटीचं नाहीतर पुढाऱ्याचं नाव मिळालं असेल, पाण्यात पडल्यावर एक विनोद झाला असेल, आणि पालकाचं वाक्य कुणालाही ऐकू आलं नसेल. हिंदी आवाज देणाऱ्या जावेद जाफरींचं कौशल्य मला मान्य आहे, मीही त्यांच्या बोलण्याला हसले आहे. पण ते हसू त्यांचं होतं. अमेरिकेत २००३ पासून जे दाखवलं त्यात तर ताकेशीच्या तोंडीसुद्धा सगळे बनावट संवाद होते आणि स्पर्धकांचे दोन काल्पनिक संघ पाडले होते. ब्रिटनमध्ये क्रेग चार्ल्सचा आवाज होता. म्हणजे तीन देशांतल्या लोकांनी तीन वेगळे कार्यक्रम पाहिले आणि 'जपानी लोक वेडे' या एकाच निकालावर सगळे येऊन थांबले!

उद्या कोणी दहीहंडीचं चित्रीकरण घेतलं, गोविंदांचा आवाज बंद केला, वर परक्या भाषेत थट्टा भरली आणि सात थर कोसळताना दाखवून 'ही माणसं हौसेने एकमेकांच्या अंगावर पडतात' असं छापलं, तर आपल्याला चालेल का? त्या थरात सगळ्यात खाली कोण उभा आहे, तो सकाळी कुठे कामाला जातो, हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणून आपला जीव वरखाली होतो. घरमालकीणबाईंचाही होत होता. हसत त्याही होत्या, मोठमोठ्याने हसत होत्या. पण ओळखीच्या माणसाला हसावं तसं.

२००९ साली त्यांची मुलगी पुण्यात आमच्याकडे आठ दिवस राहून गेली. सोसायटीतल्या एका गृहस्थांनी कौतुकाने तिला घरी बोलावलं, टीव्हीवर हाच कार्यक्रम लावला आणि "तुमचे लोक म्हणजे अगदी येडे हां!" असं हसत हसत तिला ऐकवलं. तिने दोन-तीन खेळ शांतपणे पाहिले. मग मला हळूच जपानीत विचारलं, "ही माणसं कुठून आली आहेत, काय करतात, ते कोणी सांगत का नाही?" मला उत्तर देता आलं नाही. ते गृहस्थ आजही भेटले की तो प्रसंग गंमत म्हणून सांगतात. मला त्या दिवशी मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

आता ताकेशीबद्दल. लेखात त्याला 'किल्ल्यातला विदूषक' म्हटलं आहे आणि तेवढ्यावर सोडून दिलं आहे. ताकेशी कितानोच्या 'हाना-बी' या चित्रपटाला १९९७ साली व्हेनिसच्या महोत्सवात सुवर्णसिंह हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. त्याच्या शिष्यांपैकी एक जण पुढे मियाझाकी प्रांताचा गव्हर्नर म्हणून निवडून आला. आणि विक्षिप्तपणाच हवा होता तर तोही खराखुरा होता. डिसेंबर १९८६ मध्ये ताकेशी शिष्यांना घेऊन एका साप्ताहिकाच्या कचेरीवर चालून गेला, त्याला अटक झाली आणि कित्येक महिने तो टीव्हीवर दिसला नाही. तेवढ्या काळात गडाचा राजा म्हणून त्याच्या चेहऱ्याचं कागदाच्या लगद्याचं भलंमोठं डोकं घातलेला माणूस असायचा. ते डोकं पाहून आमचा मुलगा घाबरून रडला होता. लेखकाने एवढं जरी शोधलं असतं तरी वाचायला काहीतरी मिळालं असतं.

शिवाय लेखासोबतचा फोटो या कार्यक्रमाचा नाहीच. मागे चिनी अक्षरांचे लाल कंदील दिसत आहेत, ती एखाद्या चिनी जत्रेची कमान आहे. फोटो लावणाऱ्याला चीन आणि जपान यांत फरक करावासा वाटला नाही.

आणखी एक सांगायचं राहिलं. गेल्या वर्षी मी नदीकाठच्या झाडांबद्दल पत्र पाठवलं होतं. ते तुम्ही छापलंत, पण मधला परिच्छेद काढून. त्यामुळे मी झाडं तोडायच्या बाजूने आहे असा अर्थ झाला आणि सकाळी फिरायला येणाऱ्या बायकांनी मला आठवडाभर जाब विचारला. खुलासा पाठवला, तो आजतागायत आलेला नाही. हे पत्र लांबलं आहे, जागा कमी असते, हे मला समजतं. ताकेशीचा परिच्छेद काढा, दहीहंडीचा काढा, झाडांचाही काढा. फक्त पालकाचं वाक्य कापू नका.

आपली,
एक जुनी वाचक, पुणे