सिक्कीम : मते ५८ टक्के, जागा ३१

महोदय,
सिक्कीमच्या २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या निकालात ३२ पैकी ३१ जागा सिक्कीम क्रांतिकारी मोर्चाने जिंकल्या. मते मात्र सुमारे ५८ टक्के. सिक्कीम डेमोक्रॅटिक फ्रंटला २७ टक्क्यांच्या आसपास मते मिळूनही जागा एकच! मते राज्यभर सारखी विखुरली की दुसऱ्या क्रमांकाच्या पक्षाची अशीच गत होते. सलग २४ वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री राहिलेले फ्रंटचे नेते पवनकुमार चामलिंग तर लढवलेल्या दोन्ही मतदारसंघांत पडले. श्यारी मतदारसंघातून निवडून आलेला फ्रंटचा एकमेव आमदारही त्याच वर्षी जुलैत सत्ताधारी पक्षात गेला. आता सभागृहात पुरवणी मागण्यांवर (सरकारच्या जादा खर्चाच्या मागण्यांवर) उलट प्रश्न विचारणार कोण? सरकारी खर्च तपासणाऱ्या लोकलेखा समितीचे अध्यक्षपद संकेतानुसार विरोधकांचे. पण विरोधी बाकांवर कोणी उरलेच नाही. मतांच्या प्रमाणात काही जागा देण्याचा विचार निदान छोट्या विधानसभांसाठी तरी व्हावा.
— एक वाचक