ब्रिटनच्या गृहमंत्र्यांस खुले पत्र : आधी आलेल्यांना दिलेला पाच वर्षांचा शब्द पाळा

मा. शबाना महमूद,
गृहमंत्री, युनायटेड किंग्डम

सादर नमस्कार.

कायम निवासाची मुदत पाचवरून दहा वर्षं करण्याचा प्रस्ताव तुम्ही २० नोव्हेंबर २०२५ रोजी संसदेत मांडलात. आधीपासून इथं राहणाऱ्यांनाही तो लागू करायचा तुमचा मानस आहे. तुमच्या खात्यानं मागवलेल्या सूचना मी इंग्रजीत भरून पाठवल्या. त्या अर्जाच्या चौकटींत माझं म्हणणं मावलं नाही, म्हणून हे पत्र माझ्या भाषेत, सगळ्यांसमोर.

मी स्थापत्य अभियंता आहे, पुलांची तपासणी करतो. २०२१ च्या अखेरीस स्किल्ड वर्कर (कुशल कामगारांच्या) व्हिसावर लीड्सला आलो, तेव्हा नियम स्पष्ट होता : पाच वर्षं नोकरी करा, कर भरा, कायदा पाळा, परीक्षा द्या आणि कायम निवासाचा अर्ज करा. त्या भरवशावर मी राहतं घर विकलं, पत्नीनं शिक्षिकेची कायम नोकरी सोडली, मुलीची शाळा सातवीत तुटली. आमची पाच वर्षं या वर्षी भरतात. आणि आत्ता तुम्ही म्हणता, अजून पाच.

कायमचं राहणं हा हक्क नाही, ते कमवावं लागतं, असं तुम्ही म्हणालात. मग आम्ही इतकी वर्षं काय करत होतो? आयकर भरतो, नॅशनल इन्शुरन्स भरतो, आणि त्यांतूनच चालणाऱ्या सरकारी आरोग्यसेवेसाठी माणशी वर्षाला १,०३५ पौंड सरचार्ज वेगळा. आणखी पाच वर्षं म्हणजे नुसत्या आम्हा नवराबायकोचे १०,३५० पौंड. सरकारी मदतीची एक पेनीही आम्हाला घेता येत नाही. तुमच्या प्रस्तावात वर्षाचा पगार ५०,२७० पौंडांच्या वर असेल त्याला पाच वर्षं, १,२५,१४० च्या वर असेल त्याला तीनच! माझा पगार ५०,२७० च्याही खाली आहे. पुलाखाली उतरून तडे शोधणारा माणूस कमी कमावतो, म्हणून त्याचं योगदान कमी?

मुलगी २०२७ मध्ये विद्यापीठात जाईल. कायम निवास मिळाला तर तिला इथल्या मुलांची फी, जी २०२५-२६ मध्ये वर्षाला कमाल ९,५३५ पौंड होती, आणि शैक्षणिक कर्जही. नाही मिळाला तर परदेशी विद्यार्थ्यांची फी, दुपटीहून जास्त, आणि कर्ज नाही. बाराव्या वर्षापासून इथं शिकलेली मुलगी परदेशी कशी, हे तिला मी काय सांगू?

तुमच्या घोषणेनंतर मी कंपनीत पगारवाढीचा विषय काढला. साहेब म्हणाले, ‘आता तुम्हाला कुठं जायची घाई आहे?’ स्पॉन्सरशिप, म्हणजे ज्यावर माझा व्हिसा टिकतो ती कंपनीची हमी, त्यांच्या हातात. नोकरी गेली तर बहुधा साठ दिवसांत दुसरा स्पॉन्सर शोधा, नाहीतर देश सोडा. मी जुन्याच पगारावर मान डोलावली. ही वेठबिगारी तुम्ही दहा वर्षं करताय. केअर वर्करांच्या तर पंधरा वर्षं माथी मारताय!

हे एकट्या तुमचंही नाही. मी आल्यापासून हुजूर पक्ष गेला, मजूर पक्ष आला. या व्हिसासाठी किमान वार्षिक पगाराची अट २५,६०० वरून २६,२००, मग ३८,७००, मग ४१,७०० पौंड. निवडणुकीत मतं घसरली की दोन्ही पक्षांना आमचेच नियम आठवतात, कारण आम्हाला मत नाही. तरी २०२४ मध्ये पगाराची अट वाढवताना आधीच्या सरकारनं जुन्या व्हिसाधारकांसाठी कमी अट ठेवली होती. तेवढी चाड तुमच्याकडून अपेक्षित नव्हती का? तुमचे आईवडीलही बाहेरूनच या देशात आले ना?

तुमच्याच पक्षाच्या सरकारनं २००६ मध्ये हेच केलं होतं. उच्चकुशल स्थलांतरितांची कायम निवासाची मुदत चारवरून पाच वर्षं केली, व्हिसा वाढवण्याचे निकष बदलले, आणि दोन्ही आधी आलेल्यांवर लादलं. एचएसएमपी फोरम ही त्या स्थलांतरितांची संघटना न्यायालयात गेली. उच्च न्यायालयानं २००८ आणि २००९ मध्ये सरकारच्या विरोधात निकाल दिले. ते निकाल तुमच्या खात्याच्या कपाटात आहेत. काढून वाचा.

मागणी एकच : नवा नियम लागू होईल त्या तारखेनंतर येणाऱ्यांनाच तो लावा. आधी आलेल्यांना पाच वर्षांचा शब्द पाळा, मग त्यांचा पगार कितीही असो. मुलीचा विद्यापीठाचा अर्ज या वर्षाअखेरीस भरायचा आहे, त्याआधी उत्तर लेखी हवं.

आपला,
एक स्थापत्य अभियंता, लीड्स