जुना लेझर प्रिंटर निर्लेखित करण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळा, वाचनालये आणि पतसंस्था यांच्या निर्लेखनाच्या, म्हणजे निरुपयोगी ठरवून काढून टाकायच्या वस्तूंच्या, याद्यांमध्ये अलीकडे लेझर प्रिंटर मोठ्या संख्येने दिसू लागले असून, त्यांच्यापुढील शेऱ्याच्या रकान्यात बहुधा 'नवीन संगणकास चालत नाही' एवढेच लिहिलेले असते. एका सार्वजनिक वाचनालयाचे संगणक मी सांभाळतो. त्या अनुभवावरून सांगतो की, या शेऱ्याची शहानिशा कोणी करत नाही. यंत्राचा रोलर कागद नीट ओढत असतो, शाई कागदावर पक्की करणारा फ्यूजर तापत असतो आणि टोनर (शाईची पूड) गावातच भरून मिळत असतो. तुटलेला असतो तो प्रिंटर आणि संगणक यांच्यामधला दुवा, आणि तो बहुतेक वेळा जोडता येतो.

त्यासाठी प्रथम आपला प्रिंटर कोणत्या जातीचा आहे हे पाहावे लागते. काही प्रिंटर पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट या, पानावर काय कोठे उमटवायचे हे सांगणाऱ्या, पानवर्णनाच्या भाषा स्वतः समजतात. १९९२ साली आलेला एचपीचा लेझरजेट ४ हा त्यांपैकी एक. अशा यंत्राला यूएसबी नसली आणि मागे केवळ रुंद पॅरलल पोर्ट असला, तरी त्या पोर्टवर बसणारा छोटा प्रिंट सर्व्हर (प्रिंटर नेटवर्कला जोडणारी डबी) किंवा तेच काम करणारे, यंत्राच्या खाचेत बसणारे एचपीचे जेटडायरेक्ट कार्ड जुन्या बाजारात मिळते. त्याला लॅन केबल जोडावी, राउटरमध्ये न बदलणारा आयपी पत्ता (नेटवर्कवरील यंत्राचा क्रमांक) राखून द्यावा आणि प्रत्येक संगणकावर 'टीसीपी/आयपी पोर्ट' निवडून तो पत्ता व पोर्ट क्रमांक ९१०० (नेटवर्कवरून छपाई स्वीकारण्याचे प्रिंटरचे दार) भरावा. मूळ ड्रायव्हर (संगणकाला प्रिंटरशी बोलायला शिकवणारी आज्ञावली) मिळाला नाही तरी पीसीएल ५ चा सर्वसाधारण ड्रायव्हर चालतो.

'जुन्या प्रिंटरवर युनिकोड मराठी उमटत नाही' हा आक्षेपही मी अनेकदा ऐकला आहे. डॉसच्या काळात देवनागरीसाठी सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचे जिस्ट कार्ड संगणकात बसवावे लागत असे, त्या आठवणीतून तो आला असावा. आज अक्षरांचे आकार संगणकच तयार करून पाठवतो, प्रिंटरला ते केवळ उमटवायचे असतात. अडचण येते ती प्रिंटरच्या स्मृतीची (मेमरीची). ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) ए-४ आकाराचे भरगच्च चित्रमय पान संक्षेपित (कॉम्प्रेस) करून न पाठवल्यास चार एमबीच्या वर जाते आणि लेझरजेट ४ मध्ये मुळात दोनच एमबी असत. असे पान अर्धवट निघाले, तर ड्रायव्हरमध्ये ३०० डीपीआय निवडावे; दाखले आणि पावत्या यांना तेवढे पुरते.

दुसरी जात आपल्याकडे अधिक आढळते. एचपी १०२० आणि कॅनन एलबीपी २९०० हे प्रिंटर स्वस्त पडले, कारण पान रचण्याचे काम त्यांनी संगणकावर सोपवले. एचपी १०२० ला तर वीज दिल्यावर दर वेळी संगणकाकडून फर्मवेअर, म्हणजे स्वतःला चालवणारी आज्ञावली, घ्यावे लागते. म्हणूनच राउटरच्या यूएसबीत किंवा साध्या प्रिंट सर्व्हरमध्ये त्याची केबल खोचली की दिवा लागतो, कागद मात्र बाहेर येत नाही, आणि दुकानदार 'प्रिंटर गेला' असे सांगून मोकळा होतो. अशा प्रिंटरशेजारी लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) घातलेला एखादा निवृत्त संगणक किंवा रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक ठेवून त्यावर 'कप्स' ही छपाई सांभाळणारी आज्ञावली बसवली की फर्मवेअर पाठवण्याचे काम तो करतो आणि मोबाइलवरूनही छपाई होऊ लागते. एलबीपी २९०० ची कॅप्ट ही कॅननची स्वतःची भाषा लिनक्सवर अधिक त्रास देते. तेथे ज्या विंडोज संगणकावर त्याचा ड्रायव्हर चालतो, तोच मध्यस्थ ठेवणे श्रेयस्कर.

विंडोजवरून प्रिंटर 'शेअर' करण्याची सवय २०२१ पासून अनेकांना नडली. त्या वर्षी छपाई सेवेतील 'प्रिंटनाइटमेअर' ही गंभीर त्रुटी उघड झाली, त्यानंतरच्या सुधारणांनी सुरक्षा कडक केली आणि कालपर्यंत चालणारे सामायिक प्रिंटर '११बी' ने संपणारा त्रुटी-क्रमांकाचा संदेश देऊन थांबले. तो संदेश घालवण्यासाठी सुरक्षा अद्यतनेच काढून टाकण्याचा सल्ला आजही सर्रास दिला जातो. तो घातक आहे. शक्य तेथे शेअरिंग टाळून वर सांगितल्याप्रमाणे थेट पत्त्यावर छपाई करावी. मात्र पोर्ट ९१०० ला पासवर्ड नसतो, त्यामुळे तो राउटरमधून बाहेरच्या इंटरनेटला कदापि उघडू नये. २०१८ मध्ये असे उघडे राहिलेले हजारो प्रिंटर एका परक्याने परस्पर छापायला लावले होते.

हा प्रश्न पुढेही येत राहणार आहे. प्रिंटर उत्पादकांचे स्वतंत्र ड्रायव्हर विंडोज अपडेटमार्फत देणे टप्प्याटप्प्याने थांबवण्याचे मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्येच जाहीर केले आहे, म्हणजे केवळ स्वतःच्या ड्रायव्हरवर जगणारी यंत्रे आणखी एकाकी पडतील. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांच्या कक्षेत प्रिंटर येतात. परंतु ते नियम यंत्र टाकून दिल्यानंतर मुख्यतः कामाला येतात. म्हणून राज्य शासनाच्या शिक्षण आणि ग्रामविकास विभागांना माझी विनंती आहे की, निर्लेखनापूर्वी प्रिंटर नेटवर्कवर जोडून पाहिल्याची नोंद सक्तीची करावी, आणि 'जेम' या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून नवीन खरेदी करताना लॅन पोर्ट, पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट आणि उत्पादकाच्या स्वतंत्र ड्रायव्हरविना चालणारी आयपीपी (नेटवर्कवरील छपाईची खुली पद्धत) छपाई या तीन बाबी तांत्रिक अटींमध्ये लिहाव्यात. दर्शनी किंमत काहीशी वाढेल, हे मान्य आहे. पण लेखापरीक्षणात केवळ खरेदीची किंमत पाहिली जाते आणि पाच वर्षांनी त्याच कामासाठी दुसरे यंत्र का घ्यावे लागले, हे कोणी विचारत नाही. तो प्रश्नही लेखापरीक्षकांनी विचारावा.

आपला,
एक वाचक, सांगली