मृदविज्ञानाच्या विद्यार्थ्याला एक शेत नेमून द्यावे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बारावीनंतरच्या प्रवेशांचे दिवस असल्यामुळे कृष्णाकाठच्या आमच्या गावात सध्या घरोघरी एकच विषय आहे. कृषी पदवीला प्रवेश कोठे मिळेल, सीईटीचे गुण पुरतील का, कराड बरे की कोल्हापूर, आणि पदवी हातात पडली की स्पर्धा परीक्षेच्या तयारीला पुण्यास कधी जायचे, हे सारे बोलले जाते. मधल्या चार वर्षांत, म्हणजे आठ सत्रांत, मुलांनी नेमके काय शिकायचे याबद्दल मात्र कोणी फारसे विचारत नाही. नोकरीची चिंता खोटी नाही, त्यामुळे पालकांना मी दोष देत नाही. परंतु ज्या तालुक्यांत जमिनी डोळ्यांदेखत पांढऱ्या पडत आहेत, तेथील मुले मातीचे शास्त्र केवळ परीक्षेपुरते शिकून बाहेर पडत असतील, तर ते आपल्याला परवडणारे नाही. मी वाळवा तालुक्यातील ऊस आणि हळद करणारा शेतकरी आहे, आणि माझ्याच शेतात जे घडले त्यावरून ही विनंती करीत आहे.

माझ्या दोन एकरांच्या एका तुकड्यात पूर्वी एकरी साठ टनांच्या आसपास ऊस निघत असे. गेल्या काही वर्षांत तो निम्म्यावर आला, खोडव्यात, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटलेल्या पिकात, नांग्या (मोकळ्या जागा) पडू लागल्या आणि उन्हाळ्यात वरंब्यांच्या माथ्यावर मीठ शिंपडल्यासारखा पांढरा थर दिसू लागला. मी माती तपासून घेतली. अहवालात मातीतील क्षारांचा अंदाज देणारी विद्युत वाहकता, जिला आपण सगळे ईसी म्हणतो, २.१ लिहिली होती आणि शेरा ‘मध्यम’ असा होता. ईसी ४ च्या वर गेली तरच जमीन क्षारयुक्त समजतात, हे मी कोठेतरी वाचले होते, त्यामुळे मी निर्धास्त राहिलो. पुढे एका खत दुकानदाराच्या सांगण्यावरून एकरी दोन टन जिप्सम टाकले. त्याचा खर्च, वाहतूक आणि मजुरी सारे पाण्यात गेले आणि पिकात काडीचाही फरक पडला नाही.

माझी पुतणी कृषी पदवीच्या तिसऱ्या वर्षात शिकते. सुट्टीत घरी आली असता तिने तो अहवाल वाचला आणि पहिलाच प्रश्न विचारला, “काका, ही ईसी कोणत्या प्रमाणात काढली आहे, ते यात कुठं लिहिलंय?” मला प्रश्नच कळला नाही. तिने समजावून सांगितले, ते असे: बहुतेक प्रयोगशाळा एक भाग मातीत अडीच भाग पाणी मिसळून ईसी मोजतात, पण चारची जी मर्यादा सर्वत्र सांगितली जाते ती मातीचा जेमतेम ओला चिखल करून त्यातून काढलेल्या संपृक्त अर्काची आहे. पहिल्या पद्धतीत पाणी जास्त असल्यामुळे क्षार पातळ होतात आणि आकडा कमी दिसतो. हलक्या जमिनीत तर फारच कमी दिसतो, पण आमच्यासारख्या भारी काळ्या जमिनीतही तो बराच कमी दिसतो. तिच्या आग्रहावरून दुसरीकडे संपृक्त अर्काची तपासणी करून घेतली, तेव्हा ईसी ६.२ डेसीसायमन प्रति मीटर भरली. सामू (पीएच) ८.१ होता आणि विनिमययोग्य, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेल्या, सोडियमचे प्रमाण शेकडा ९ होते. म्हणजे माझी जमीन क्षारयुक्त होती, चोपण (सोडियमने बिघडलेली) नव्हती. चोपण म्हणण्यासाठी सामू साडेआठच्या वर आणि हे सोडियम शेकडा १५ च्या वर असावे लागते. जिप्समचे मुख्य काम मातीच्या कणांना चिकटलेले सोडियम हटवून तेथे कॅल्शियम बसवण्याचे आहे, आणि हटलेले सोडियम पाण्याबरोबर शेताबाहेर गेले तरच त्याचा उपयोग. माझ्या शेतात हटवण्याजोगे सोडियम फारसे नव्हते आणि पाण्याला बाहेर जायला वाटही नव्हती. एका विद्यार्थिनीला सुचलेला हा एक प्रश्न मला आधी कोणी विचारला असता, तर माझे पैसे वाचले असते आणि दोन हंगामही हाताशी राहिले असते.

त्यानंतर आम्ही त्या शेतात खड्डा घेतला. खोडवा तुटून गेला होता, एप्रिल सरत आला होता. वरची टीचभर माती भुसभुशीत होती, तिच्याखाली चकाकणाऱ्या गुळगुळीत पृष्ठांची घट्ट काळी माती लागली. भारी काळी माती ओल आल्यावर फुगते, वाळल्यावर आकसते आणि तिचे थर एकमेकांवर घासत राहतात, त्यातून अशी पृष्ठे तयार होतात, असे ती म्हणाली. उसाच्या मुळ्या सव्वा फुटाच्या खाली जवळजवळ दिसतच नव्हत्या. दोन फुटांवर पांढरे खडे लागले. तिने त्यांवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकताच ते फसफसले, म्हणजे ती चुनखडी होती. साडेतीन फुटांवर बाजूने पाणी झिरपू लागले आणि संध्याकाळपर्यंत खड्ड्याच्या तळाशी वीतभर साचले. वर मीठ का येते, हे मला तेव्हा स्वतःच्या डोळ्यांनी दिसले. पाटपाण्याने आणि उपसा सिंचनाने आपण वर्षानुवर्षे वरून पाणी देत गेलो, खालची पातळी चढत गेली, आणि आता उन्हाळ्यात तेच पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून वर येऊन उडून जाते आणि आपले क्षार वरंब्यावर ठेवून जाते.

घरी परतताना पुतणी म्हणाली की, इतका खोल खड्डा घेऊन एखादे शेत वाचण्याची ही तिची पहिलीच वेळ होती. मातीचे नमुने तिने पाहिले होते, तपासण्या केल्या होत्या, क्षारपड आणि चोपण जमिनींचा विषयही ती शिकली होती. परंतु ज्या शेतातून नमुना आला त्याला निचरा आहे का, पाणी कोठून येते, मालकाने गेल्या दहा वर्षांत काय काय केले, हे नमुन्याच्या पिशवीवर लिहिलेले नसते. शेवटच्या वर्षी कृषी पदवीचे विद्यार्थी कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणून गावोगावी येतात आणि माती नमुना कसा घ्यावा याचे प्रात्यक्षिक मन लावून करून दाखवतात, हे मी पाहिले आहे. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याशेजारची जागा टाळून इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घ्या, माती चार भाग करून कमी करत अर्ध्या किलोवर आणा, हे ते नीट सांगतात. मुलांचा यात काहीच दोष नाही. मात्र काही आठवड्यांनी ती निघून जातात आणि त्या नमुन्याचे पुढे काय झाले, हे त्यांना कळत नाही आणि आम्हालाही नाही.

म्हणून माझी सूचना अशी आहे की, महात्मा फुले कृषी विद्यापीठाने आपल्या अखत्यारीतील महाविद्यालयांत प्रत्येक विद्यार्थ्याला, शक्यतो पहिल्याच वर्षी, एखादे खरे शेत नेमून द्यावे आणि पदवी पूर्ण होईपर्यंत ते त्याच्याकडे ठेवावे. त्याने तेथे एक खड्डा घेऊन मातीच्या थरांची नोंद करावी, एक निरीक्षण नळी बसवून भूजलाची पातळी पावसाळ्यापूर्वी आणि नंतर मोजावी, आणि ईसी व सामू मे महिन्यात आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये तपासावेत. दोनदा तपासण्याला कारण आहे. उन्हाळ्यात क्षार वर चढतात आणि पावसात खाली जातात, त्यामुळे ऑक्टोबरच्या एकाच नमुन्यावरून जो शेतकरी निश्चिंत होतो, त्याला फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘सुरू’ हंगामात, म्हणजे जानेवारीच्या सुमारास, लावलेल्या उसाची उगवण पाहून धक्का बसतो. या कामाला गुण असावेत आणि शेवटी त्याचा अहवाल शेतकऱ्याला मराठीत मिळावा. पीकशास्त्र शिकणाऱ्यांनाही यातून बरेच हाती लागेल. को एम ०२६५ हा उसाचा वाण, म्हणजे आपला फुले २६५, क्षारपड जमिनीत इतर वाणांपेक्षा अधिक तग धरतो हे सर्वांना पाठ आहे. परंतु वाण बदलून जमीन सुधारत नाही. तो कोणत्या ईसीपर्यंत टिकला आणि कोठे त्यानेही मान टाकली, हे एका शेतावर चार वर्षे बसल्याशिवाय कळत नाही.

या अभ्यासाची परंपरा आपल्याच भागात आहे, हे मला आवर्जून नमूद करावेसे वाटते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरोल्ड मान यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी नीरा खोऱ्यातील क्षारपड जमिनींचा अभ्यास केला होता. फलटण तालुक्यात पाडेगावला १९३२ पासून ऊस संशोधन केंद्र आहे. आपल्या मिरज तालुक्यातील कसबे डिग्रजचे केंद्र केडीएस या नावाच्या सोयाबीन वाणांमुळे घरोघरी माहीत झाले असले, तरी तेथे निचऱ्यावरही काम झालेले आहे. हे सारे घरापासून काही तासांच्या अंतरावर असताना आमची मुले एखाद्या सहलीपुरतीच तेथे जात असतील, तर त्याची मला खंत वाटते.

मृद आरोग्य पत्रिकेची योजना २०१५ मध्ये आली आणि मातीची तपासणी गावोगावी पोहोचली, याबद्दल मी कृतज्ञ आहे. तरीही त्या पत्रिकेत जे १२ घटक असतात त्यांत विनिमययोग्य सोडियम नाही, आणि बागायत भागात अडीच हेक्टरांच्या चौकटीतून एक नमुना घ्यावा अशी मूळ पद्धत होती. आमच्याकडे अडीच हेक्टरांत पाच-सहा मालक सहज येतात, आणि ओढ्याकडचा गट व वरचा गट यांच्या जमिनीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. ही उणीव भरून काढायला शेतात पाय ठेवणारा, आकड्यामागचे कारण विचारणारा माणूस लागतो आणि तो कृषी महाविद्यालयांतच घडू शकतो.

एक अडचण मात्र विद्यार्थी एकट्याने सोडवू शकणार नाही. माझ्या शेतात सच्छिद्र पाइपचा निचरा घालायचा, तर ते पाणी ओढ्यापर्यंत नेण्यासाठी मधल्या सात जणांच्या शेतांतून मुख्य नळी जावी लागेल. त्यांपैकी तिघे तयार आहेत. दोघांना वाटते की त्यांच्या जमिनीला अजून काही झालेले नाही. उरलेल्या दोघांशी बोलणे चालू आहे. मी पदरमोड करून कितीही समजावले, तरी त्यांना माझा स्वार्थच दिसणार, आणि ते स्वाभाविक आहे. परंतु महाविद्यालयातून आलेल्या मुलाने किंवा मुलीने त्यांच्याही शेतात नळी बसवून पाण्याची पातळी दोन वर्षे लिहून ठेवली, तर त्या आकड्यांवर तेही विश्वास ठेवतील.

माझे ते दोन एकर क्षेत्र मी या कामासाठी द्यायला तयार आहे. खड्डा अद्याप उघडा ठेवला आहे, भोवती काटेरी तार लावली आहे आणि आत फुटांच्या खुणा केलेली बांबूची काठी उभी केली आहे. दर रविवारी सकाळी पाण्याची पातळी वहीत लिहितो. एखाद्या महाविद्यालयाने येत्या सत्रात विद्यार्थी पाठवल्यास ही वही मी त्याच्या हाती देईन.

आपला विश्वासू,
एक शेतकरी,
ता. वाळवा, जि. सांगली