खोडदच्या छत्र्या आणि मघा नक्षत्र

बॉन, जर्मनी
रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

ती. बाबा आणि सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांना निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं आई त्यांना ओरडून सांगेपर्यंत माझी जेवणाची सुट्टी संपते. म्हणून हे पत्र. बंटी, प्रिंट मोठ्या अक्षरात काढ आणि वाचून दाखवताना मधलं काही गाळू नकोस. आज रविवार, म्हणजे इथली सगळी दुकानं बंद. त्यात सकाळपासून भुरभुर पाऊस. लिहायला वेळच वेळ आहे.

बाबा, पारावर कुणी विचारलं, "पोरगी तिकडं काय करते?", तर तुम्ही "ताऱ्यांचं काहीतरी" म्हणता आणि बाजारभावावर गाडी नेता, हे मला कळलंय. पाच वर्षं फी भरलीत, तेव्हा एकदा नीट ऐकाच.

काही तारे मरताना आकसून पुणे शहराएवढे होतात, पण वजन मात्र सूर्यापेक्षा जास्त. ते गरागरा फिरतात आणि दर फेरीला त्यांचा रेडिओ लहरींचा झोत आपल्यावरून जातो. त्यांना पल्सर म्हणतात. मी ज्याच्यामागे लागलेय तो सेकंदाला साठहून जास्त फेऱ्या मारतो. फिरणं इतकं नेमाचं, की पुढच्या वर्षी कुठला ठोका कधी पोचेल ते आज मांडून ठेवता येतं. ठोका मागेपुढे झाला की वाटेत काहीतरी घडलंय असं समजायचं. याच हिशेबावरून गेल्या वर्षी जूनमध्ये युरोपच्या आणि आपल्या लोकांनी मिळून, २५ पल्सर धरून, गुरुत्वीय लहरींच्या खुणा दिसल्याचं जाहीर केलं. प्रचंड कृष्णविवरांच्या जोड्या एकमेकींभोवती फिरताना अवकाशच हलवतात, त्या या लहरी असाव्यात. त्यात खोडदची मोजणी होती. हो, आपल्या खोडदची! ज्यांना आपण छत्र्या म्हणतो त्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या तीस तबकड्यांची.

पहिला पल्सर १९६७ मध्ये केंब्रिजला सापडला तो जोसेलिन बेल या मुलीला, ती पीएच.डी. करत असताना. त्याआधी तिनं आणि बाकीच्यांनी साडेचार एकरांत खांब ठोकून तारा ओढल्या होत्या, आपण टोमॅटोला करतो तसंच. पुढं १९७४ चं नोबेल मिळालं ते तिच्या गाईडला. आई, यावर तू काय म्हणशील ते मी इथून ऐकू शकते.

आता माझा भाग. तारा ते पृथ्वी या वाटेवर विरळ इलेक्ट्रॉन पसरलेले असतात. त्यांच्यातून येताना लहरी रेंगाळतात. फ्रिक्वेन्सी जितकी खालची तितक्या जास्त रेंगाळतात. हा उशीर वजा केल्याशिवाय बाकी गणिताला अर्थ नाही. इथली मोठी दुर्बीण प्रामुख्यानं वरच्या फ्रिक्वेन्सीवर काम करते, तिथं हा उशीर इतका कमी की नीट मोजता येत नाही. खोडदला ३०० ते ५०० मेगाहर्ट्झवर तो ठळक दिसतो. म्हणून यांना आपली गरज आहे, आणि म्हणून मी इथं आहे.

बाबा, आता पुढचं खास तुमच्यासाठी. माझा पल्सर सिंह राशीत आहे, सूर्याच्या वार्षिक वाटेला अगदी लागून. दरवर्षी ऑगस्टच्या शेवटी सूर्य त्याच्यासमोरून जातो. सूर्यातून सतत बाहेर पडणारा विद्युतभारित कणांचा वारा तेव्हा ठोक्यांच्या वाटेत येतो आणि उशीर वाढतो. वाढतो म्हणजे सेकंदाचे काही दशलक्षांश भाग, पण ज्या लहरी शोधायच्या त्यांची खूण त्याहूनही बारीक. माझ्या प्रबंधाचा निम्मा भाग या पंधरवड्यावर आहे. आलेख काढला तर वर्षभर रेष जवळजवळ सपाट आणि ऑगस्टअखेर एक टोकदार सुळका. पहिल्यांदा तारखा पाहिल्या तेव्हा हसूच आलं. ऑगस्टचा शेवट म्हणजे मघा! तुम्ही कालनिर्णय उघडून "मघा लागल्या" म्हणता तेव्हा सूर्य मघा नक्षत्रात शिरलेला असतो, आणि तिथंच माझा पल्सर आहे. तुम्ही ढगांकडे बघत असता त्याच दिवसांत माझा सुळका चढत असतो. गटाच्या बैठकीत मी हे सांगितलं. "न पडतील मघा तर वरती बघा" याचा अर्थही सांगितला. म्हणीचा आधीचा अर्धा भाग मात्र सरांसमोर काढला नाही.

त्या बैठकीनंतर एक वयस्कर शास्त्रज्ञ भेटले. पूर्वी कामानिमित्त खोडदला येऊन गेलेले. कुशलमंगल नाही, हवापाणी नाही, पहिला प्रश्न नारायणगावच्या मिसळीचा. तर्री अजून तशीच असते का म्हणे. मी म्हटलं, असते, तुम्हीच या परत.

इथली दुर्बीण एफेल्सबर्ग गावाजवळ दरीत बसवलीय, कारण सभोवतालच्या डोंगरांमुळे बाहेरचा रेडिओ गोंगाट अडतो. एकच तबकडी, पण १०० मीटर व्यासाची. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालू आहे. वजन ३२०० टन आणि एवढा डोलारा गोल रुळांवर चाकांनी फिरतो. फिरताना पाहिली तेव्हा आधी काही हलतंय असं वाटेचना. मग मागच्या झाडाचा शेंडा तबकडीआड गेला. डोळे दिपतात, खोटं कशाला बोलू. पण बघता बघता मनात खोडदची दुर्बीण उभारणाऱ्या गोविंद स्वरूप यांचाच विचार. एवढं लोखंड परवडणार नाही म्हणून त्यांच्या लोकांनी पोलादी दोर ताणले, त्यावर बारीक तारेची जाळी बसवली आणि वारा आरपार जाऊ दिला. खोडदच्या एका तबकडीतून पलीकडचं आभाळ दिसतं, हिच्या बहुतेक भागातून दिसत नाही. मला विचाराल तर अक्कल आपल्याकडे जास्त खर्च झालीय.

आई, तुझे प्रश्न. जेवते. बाजरीचं पीठ संपत आलं, शेंगदाण्याची चटणी पुरवून खातेय. थंडी आहे, पण घरात उबारा असतो. विमानात कान दुखले, बाकी काही नाही. फ्रँकफर्टहून पुढची रेल्वे बरीच उशिरा आली. जर्मनीत सगळं घड्याळावर चालतं हे ज्यानं पसरवलं त्याला एकदा फलाटावर उभं करायला हवं. प्लास्टिकची रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की २५ सेंट परत मिळतात. तू इथं असतीस तर महिन्याचा किराणा त्यावर निघाला असता.

टोमॅटो इथं देठासकट, वेलाच्या तुकड्याला लटकलेले विकतात. मी भाजीपाल्याच्या कप्प्यासमोर उभी राहून पाट्या वाचते: काही हॉलंडचे, काही स्पेनचे. सगळे एका मापाचे, जणू साच्यातून काढलेत. भाव किलोला तीन युरोच्या आसपास, म्हणजे आपले पावणेतीनशे रुपये. मंडईत वीस किलोचं कॅरेट कवडीमोलानं जाताना पाहिलेल्या माणसाला हे बघून काय वाटतं ते लिहून उपयोग नाही. पिकवणाऱ्याला त्यातलं किती मिळतं ते पाटीवर नसतं. चव विचाराल तर आपल्या बांधावरच्या फुटक्या टोमॅटोला तोड नाही.

लक्ष्मीपूजनाला यंदा इथंही सुट्टी होती. १ नोव्हेंबर हा यांचा पितरांसारखा दिवस, लोक कबरींवर फुलं ठेवतात, लाल काचेतल्या मेणबत्त्या लावतात. संध्याकाळी मी दफनभूमीच्या बाजूनं चालत आले. मग खोलीवर पणत्या नव्हत्या म्हणून दोन साध्या मेणबत्त्या लावल्या आणि तुम्हाला फोन केला. त्यानंतर दहा दिवसांनी, अकरा तारखेला, तेच लोक रंगीबेरंगी टोप्या घालून भर सकाळी ट्राममध्ये गाणी म्हणत होते. त्या दिवशी यांच्या कार्निव्हलची सुरुवात असते.

पुढचं काय, हे तुम्ही फोनवर विचारत नाही, पण आईचा सुस्कारा ऐकू येतो. पीएच.डी. करणार हे नक्की. अर्ज इथंही करीन आणि पुण्यालाही. मन पुण्याकडे आहे, आणि ते घरच्या ओढीनं नाही. मला हवी ती खालची फ्रिक्वेन्सी पुण्यापासून दीड-दोन तासांवर आहे. लग्नाचं विचारणाऱ्यांना सांगा, मुलगी हिशेबात गुंतलीय.

एक मागणं आहे. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला खोडदला सगळ्यांना आत सोडतात, शाळांची प्रदर्शनं असतात. इतकी वर्षं एवढ्या जवळ राहून तुम्ही रस्त्यावरूनच पाहिलंय. तेव्हा मी परत आलेली असेन. उन्हाळी लागवडीचं कारण चालणार नाही, रोपं एक दिवस थांबतात. बाबा, तुमचा फोन घरी ठेवून या, तबकड्यांजवळ तो बंदच ठेवावा लागतो. आई, डबा घे, दुपारपर्यंत फिरणं होईल. आणि बंटी, तुझ्या पायातल्या त्या सपाता घालून येऊ नकोस.

तुमची,
तायडी