विक्रीचे आकडे आणि डीलरचे यार्ड

मा. संपादक,
स. न.

दर महिन्याच्या १ तारखेला मोटार कंपन्या विक्रीचे आकडे जाहीर करतात आणि दुसऱ्या दिवशी 'विक्रमी विक्री' असा मथळा आपल्या अंकात येतो. हे आकडे बहुतेक वेळा कंपनीने डीलरकडे धाडलेल्या गाड्यांचे असतात. ती गाडी पुढे गिऱ्हाइकाच्या दारात गेली का, हे त्यात नसते. सांगलीत एका डीलरचे स्टॉकयार्ड मी बावीस वर्षे सांभाळले, म्हणून लिहितो.

गाडी महिनाभर जागची हलली नाही की टायर खालून चपटे पडतात. म्हणून पोरांना लावून एकेक गाडी फूट-दीड फूट पुढे ढकलायची. बॅटऱ्या उतरतात, चार्जर घेऊन रांगेतून फिरायचे. उंदरांनी वायरिंग कुरतडले तर खर्च डीलरचा. आणि रोज व्याज चालू, कारण गाडी कंपनीतून निघते तेव्हाच तिचे पैसे बँकेकडून उचलून भरलेले असतात. महिनाअखेरीला कंपनीच्या साहेबांचा फोन ठरलेला, "अजून दहा गाड्यांचं बिलिंग घ्या." नाही म्हटले की चालत्या मॉडेलचा पुरवठा आखडतो. मग न मागितलेले रंग यार्डात येऊन पडतात आणि मालक पदरचे पैसे घालून ते सवलतीत काढतो.

आपल्याकडचा माणूस उसाच्या बिलावर, हळदीच्या पट्टीवर गाडी ठरवतो. बिल लांबले की बुकिंग लांबते, टार्गेट मात्र तेच. अनेकजण टेस्ट ड्राइव्ह इथे घेतात आणि चार पैसे स्वस्त पडते म्हणून गाडी पुण्याहून आणतात. त्यांना दोष देत नाही, पण डीलर तगतो तो सर्व्हिसिंगवर, आणि इलेक्ट्रिक गाडीला ना इंजिन ऑइल, ना ऑइल फिल्टर, ना क्लच. तो आधारही आता हळूहळू सुटतो आहे.

२०२५ मध्ये १५ ऑगस्टला जीएसटी कपातीची घोषणा झाली आणि नवे दर लागू झाले २२ सप्टेंबरला. मधले पाच आठवडे, ऐन गणपतीत, लोक "जरा थांबू" म्हणत राहिले. छोटी गाडी २८ वरून १८ टक्क्यांवर आली, हे चांगलेच झाले. पण सेस, म्हणजे जीएसटीवरचा जादा कर, भरून घेतलेल्या गाड्या यार्डात उभ्या होत्या. एरवी तो गिऱ्हाइकाकडून घ्यायच्या सेसमधून वजा व्हायचा; सेसच बंद झाल्यावर भरलेला सेस वजा कशातून करायचा? तो भार डीलरच्या डोक्यावर आला.

कंपनीच देश सोडते तेव्हा तर विचारायलाच नको. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये इथली विक्री थांबवली, फोर्डने २०२१ मध्ये उत्पादन बंद करत असल्याचे जाहीर केले. शोरूमच्या फरशीपासून दारावरच्या बोर्डापर्यंत सारे कंपनीच्या नमुन्याप्रमाणे, आणि कर्ज डीलरच्या नावावर. ती फरशी दुसऱ्या कंपनीला चालत नाही. अमेरिकेतल्या राज्यांत डीलरला संरक्षण देणारे कायदे आहेत. होल्डन हा तिथला जुना मोटार ब्रँड बंद झाल्यावर ऑस्ट्रेलियानेही २०२१ मध्ये नियम कडक केले. आपल्याकडे 'फाडा' ही विक्रेत्यांची संघटना असा कायदा मागते आहे, तो व्हायलाच हवा. डीलर पैसेवाला, त्याची कसली काळजी, असे लोक म्हणतात. मला काळजी आहे ती आयटीआय करून वर्कशॉपमध्ये लागलेल्या, मिरज-तासगावहून रोज येणाऱ्या पोरांची. शोरूमला कुलूप लागले की पहिली घरी बसतात ती हीच.

आपल्याला एकच विनंती. 'फाडा' दर महिन्याला वाहन नोंदणीवरून किरकोळ विक्रीचे आकडे देते. कंपन्यांच्या आकड्यांशेजारी तेही छापावेत, आणि जमल्यास सांगली आरटीओत त्या महिन्यात एमएच-१० च्या किती मोटारी नोंदल्या गेल्या, तेही.

आपला,
एक निवृत्त स्टॉकयार्ड इन्चार्ज,
विश्रामबाग, सांगली