सेवा प्रमाणपत्र अडवून धरण्याला आळा घाला

महोदय,

राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्याचे रिलीव्हिंग लेटर, म्हणजे कार्यमुक्त केल्याचे पत्र, अडवणे हा अनेक कंपन्यांचा शिरस्ता झाला आहे. नोटीस पिरियड अपुरा राहिला, बाँडची (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या कराराची) रक्कम भरली नाही किंवा साहेबांची मर्जी फिरली, एवढे कारण त्यांना पुरते. नवी कंपनी मात्र त्या पत्राशिवाय रुजू करून घेत नाही.

या बाबतीत कायदा तोकडा आहे. १९४६ च्या केंद्रीय नियमांसोबतच्या आदर्श स्थायी आदेशांत (नोकरीच्या अटींच्या नमुना नियमांत) सोळावे कलम कायम कामगाराला बडतर्फी, सेवासमाप्ती वा निवृत्तीच्या वेळी सेवा प्रमाणपत्राचा, म्हणजे नोकरी केल्याच्या दाखल्याचा, हक्क देत आले. म्हणजे बडतर्फ झालेल्यालाही ते मिळायला हवे. राजीनाम्याचा मात्र त्यात उल्लेखच नाही! व्यवस्थापकीय पदावरची माणसे तर ‘कामगार’ या व्याख्येतच बसत नाहीत. त्यात २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने स्थायी आदेशांची सक्ती ३०० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरतीच ठेवली आहे.

म्हणून नोकरी सोडणाऱ्याने कागद आधीच गोळा करावेत. ऑफिसचा ईमेल शेवटच्या दिवशी बंद होतो. राजीनामा पाठवतानाच त्याची प्रत खासगी ईमेलवर घ्यावी. लॅपटॉप, ओळखपत्र, चाव्या परत केल्याची सहीची पोच घ्यावी. नियुक्तिपत्र, पगारपत्रके आणि फॉर्म १६ जपून ठेवावेत. पत्र आले नाही, तर हुद्दा आणि रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख एवढेच नमूद करणारे प्रमाणपत्र पोचपावतीसह स्पीड पोस्टाने मागावे. ‘चांगला कर्मचारी’ असा शेरा देण्याची सक्ती कोणावर करता येत नाही, त्यामुळे मागणी तारखांपुरतीच ठेवलेली बरी.

सर्वांत जास्त घोळ भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात होतो. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख भरली नाही, तर सर्व्हिस हिस्टरीत ती नोकरी चालूच दिसते आणि पडताळणी करणाऱ्याला दोन नोकऱ्यांचा संशय येतो. शेवटच्या वर्गणीला दोन महिने उलटले की सदस्याला निधीच्या पोर्टलवर ‘मॅनेज’मधल्या ‘मार्क एक्झिट’मधून आधारशी जोडलेल्या मोबाइलवरील ओटीपीने ही तारीख स्वतः भरता येते. ती शेवटच्या वर्गणीच्या महिन्यातलीच हवी. चुकीची भरली तर दुरुस्तीसाठी हेलपाटे पडतात, म्हणून आधी पासबुक पाहावे.

नव्या कंपनीकडून जुन्या वरिष्ठांकडे फोनवरून होणारी चौकशी याहून घातक आहे. खोटी बदनामी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली गुन्हा असली, तरी सद्भावनेने दिलेल्या मताला तिथे अपवाद आहे. आणि काय सांगितले गेले हेच उमेदवाराला कळत नसेल, तर तक्रार कशाच्या आधारे करायची? ऑफर मागे घेतली गेल्यास कारण लेखी मागावे. चालू नोकरीतल्या वरिष्ठांना राजीनाम्यापूर्वी फोन करू नये, असे पडताळणीच्या फॉर्मवरच लिहून द्यावे.

वेतन संहितेनुसार नोकरी सुटल्यावर दोन कामकाजी दिवसांत पगार चुकता करावा लागतो. मग चार ओळींच्या कागदाला मुदत का नसावी? राज्य सरकारने आस्थापनेचा आकार आणि कर्मचाऱ्याचे पद न पाहता, सात दिवसांत सेवा प्रमाणपत्र देणे बंधनकारक करावे. नोटीस पगार वा बाँडचा वाद असेल तर कंपनीने तो स्वतंत्रपणे लढवावा. त्यासाठी प्रमाणपत्र अडवल्यास दंड व्हावा आणि पडताळणी अहवालाची प्रत उमेदवाराला मिळावी.

— कामगार कायद्याचे अभ्यासक, ठाणे